ऑनलाइन अभ्यासक्रमरचना

इंटरनेटवरून शिकवायच्या अभ्यासक्रमाची आखणी, निर्मिती व संचालन करण्याचे शास्त्र. शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या या शाखेत उद्दिष्टे, आशय, विद्यार्थ्याच्या कृती आणि मूल्यमापन यांचा मेळ घातला जातो. वर्गातले तासभराचे व्याख्यान चित्रित करून संकेतस्थळावर ठेवले, की अभ्यासक्रम तयार होत नाही. फिलिप गुओ व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख दर्शनसत्रे तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला, तरी प्रेक्षक त्यात रमण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपुढे जात नाही, असे आढळले.

रचनेची रीत : आखणी शेवटापासून सुरू होते. अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे, हे आधी ठरवतात. मग ते तपासणारे प्रश्न आणि त्यानंतर आशय. उद्दिष्टे ‘समजणे’ अशा मोघम शब्दांत न मांडता ‘वर्गीकरण करणे’, ‘आकडेमोड करणे’ अशा तपासता येणाऱ्या क्रियापदांत मांडतात. त्यासाठी बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांचे १९५६ मधील वर्गीकरण आणि त्याची २००१ मधील सुधारित आवृत्ती वापरली जाते.

मुंबईचे प्रारूप : पवईच्या आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी (मूक) एलसीएम (लर्नर-सेंट्रिक मूक) हे विद्यार्थिकेंद्री प्रारूप विकसित केले. त्याचे मुख्य घटक चार : अध्ययनसंवाद, कृतीतून अध्ययन, पुढील वाचनाच्या निरनिराळ्या वाटा आणि सहाध्यायींशी चर्चा. अध्ययनसंवादाच्या छोट्या व्हिडिओत मध्येच ‘विचारथांबा’ असतो. उदा., लोलकाची लांबी चौपट केली, तर आवर्तकाल किती होईल, असा प्रश्न पडद्यावर येतो. विद्यार्थी व्हिडिओ थांबवून उत्तर लिहितो. उलगडा त्यानंतर होतो. पुढच्या सरावात ‘चौपट’ निवडणाऱ्याला नुसते ‘चूक’ असे न सांगता आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो दुप्पट होईल, याची आठवण करून देतात. अभिप्राय चुकीनुसार बदलतो, हे या सरावाचे वैशिष्ट्य.

शिक्षकांचे प्रशिक्षण : आयआयटी मुंबईने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी ऑनलाइन व मिश्र अध्यापनाचे अभ्यासक्रम याच पद्धतीने चालवले. त्यांत अध्यापक आधी स्वतः विद्यार्थी होऊन विचारथांबे व चर्चा अनुभवतात आणि मग आपल्या विषयाचा आराखडा करतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये ‘अर्पित’ हा अध्यापकांसाठीचा ऑनलाइन उजळणी उपक्रम सुरू केला.

मर्यादा : नोंदणी मोठी, पण अभ्यासक्रम पूर्ण करणारे थोडे, हा खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा जगभरचा अनुभव आहे. अनियमित वीज, महाग डेटा आणि प्रयोगशाळेची उणीव नुसत्या चांगल्या आखणीने भरून निघत नाही. चर्चेत शिक्षक फिरकलाच नाही, तर उत्तम व्हिडिओही एकतर्फी ठरतो.

राष्ट्रीय व्यासपीठ : भारतात खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. तेथील अभ्यासक्रमांत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा व स्वयंमूल्यमापन असे चार भाग असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात.