व्हिस्की, रम, बिअर आणि कृष्णाकाठची मळी

गेल्या लग्नसराईत सांगलीकडच्या एका कुटुंबात विवाह लावण्यासाठी आम्हाला जावे लागले. मिस्सा आटोपली, वधूवरांना आशीर्वाद देऊन झाला, आणि रात्री मांडवाच्या एका कोपऱ्यात पाच-सात मंडळींची बैठक जमली. त्यांत पट्टीचा पिणारा कोणी नव्हता. सणासमारंभाला एखादा पेला घेणारी ही साधी, कुटुंबवत्सल माणसे. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार लष्करी कॅन्टीनमधील रमची महती सांगत होते. वधूचे मामा व्हिस्कीचे कैवारी होते. पुण्याहून आलेल्या एका तरुणाला या दोन्ही गोष्टी जुनाट वाटत होत्या. छोट्या भट्टीत घोटून काढलेल्या ताज्या ‘क्राफ्ट बिअर’पुढे सारे फिके, असे त्याचे म्हणणे. वाद रंगला, तशी सुभेदारांची नजर आमच्याकडे वळली. “फादर, आता तुम्हीच न्याय करा. तिन्हींत श्रेष्ठ कोण?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु परतीच्या प्रवासात, दोन्ही बाजूंना उभा असलेला ऊस पाहताना, तो प्रश्न मनातून जाईना. चव हा आमच्या अधिकाराचा विषय नव्हे. पण त्या तीन पेल्यांतले पेय आले कोठून, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधणे आम्हाला शक्य होते. हा लेख म्हणजे सुभेदारांना उशिरा दिलेले ते उत्तर समजावे.

मद्यांची वर्गवारी ही काही आजची हौस नव्हे. मनुस्मृतीने सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळापासून होणारी गौडी, पिठापासून होणारी पैष्टी आणि मधापासून किंवा मोहाच्या फुलांपासून होणारी माध्वी. हे वर्गीकरण चवीवरून केलेले नाही, उगमावरून केलेले आहे. तेच माप आजच्या बाटल्यांना लावून पाहावे. बिअर ही पैष्टी. जवाला मोड आणून, तो वाळवून, भिजवून आंबवलेली. व्हिस्की हीही मुळात पैष्टीच. आंबवलेल्या धान्याची वाफ धरून काढलेला अर्क. रम मात्र गौडी. ऊस गाळून साखर काढल्यावर मागे उरणाऱ्या काळ्या, चिकट मळीची ती लेक.

या दोन घराण्यांचा इतिहासही निराळा आहे. पैष्टीच्या घराण्यावर आपल्या मठांची छाप आहे. मध्ययुगीन युरोपात बेनेडिक्टाइन मठांतून बिअर गाळली जाई. बिअरला कडसरपणा देणाऱ्या हॉप्स या वनस्पतीचे गुण बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड यांनी नोंदवून ठेवले. स्कॉटलंडमधील व्हिस्कीची सर्वांत जुनी लेखी नोंद राजाच्या खजिन्याच्या वहीत सापडते. ती १४९४-९५ सालची असून अर्क काढण्यासाठी मोड आणलेले जव देण्यात आले ते जॉन कॉर नावाच्या एका मठवासी बंधूला. ‘व्हिस्की’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या गेलिक शब्दाचा अर्थही ‘जीवनजल’ असाच आहे. गौडीच्या घराण्याची कहाणी मात्र काळी आहे. सतराव्या शतकात बार्बाडोससारख्या वेस्ट इंडीज बेटांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेतला गेला आणि साखरेच्या मळीतून रम जन्माला आली. तीच रम ब्रिटिश आरमारातील खलाशांना रोज मोजून मिळत असे. ती प्रथा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली. रम पिणाऱ्याला बेटांवरचे चाबूक ऐकू येत नव्हते. पेला आणि शेत यांच्यात समुद्र होता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी राज्यात मद्य नव्हते असे नाही. पेशव्यांच्या रोजनिशींचा अभ्यास करून न्यायमूर्ती रानडे यांनी दाखवून दिले आहे, की पेशवाईचा कल मद्यबंदीकडे होता. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी नोकर यांना सक्त मनाई होती, तर कोकणातील भंडारी, कोळी यांच्याबाबत हात सैल सोडला जाई. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी अंमल सुरू झाला. कंपनीच्या गोऱ्या शिपायाला शिध्याबरोबर मद्याचा ठरलेला वाटा मिळे. त्याची बिअर पुढे येथेच तयार व्हावी म्हणून एडवर्ड डायर या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात हिमालयातील कसौली येथे कारखाना काढला. १९१९ च्या जालियनवाला बागेतील हत्याकांडाचा आदेश देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. ती कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारास मोहन कुटुंबाकडे आली, आणि तिनेच १९५४ साली ‘ओल्ड मंक’ ही रम बाजारात आणली. आमच्या सुभेदारांच्या पेल्यामागे एवढी वंशावळ आहे.

इंग्रजांनी मद्याकडे पाहिले ते मुख्यतः उत्पन्नाच्या दृष्टीने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारच्या मुठीत आला. ताडीच्या झाडांवरही जबर कर बसला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आले. गरिबाने घरी गाळलेले मद्य हा गुन्हा ठरला आणि परवान्याच्या दुकानातले मद्य हा महसूल ठरला. या धोरणातील विसंगती फार लवकर ओळखणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली.

ही हरकत त्यांच्या मुलखाने पुढे फार जोमाने चालवली. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या वेळच्या साताऱ्यातच आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कुंडल हे प्रतिसरकारचे एक प्रमुख ठाणे. रेल्वेचा पगार आणि सरकारी खजिना लुटल्याच्या कथा आपण ऐकतो. परंतु त्याच प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली, कमी खर्चात लग्ने लावली आणि गावोगावचे दारूचे गुत्ते बंद पाडले, हे तितकेच महत्त्वाचे आहे. परक्या सरकारचे उत्पन्न बुडवणे आणि आपल्या घराचा संसार वाचवणे ही दोन्ही कामे एकाच कृतीने साधत होती.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदी हा राज्याचाच कायदा झाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा; संपूर्ण बंदीचा अंमल ६ एप्रिल १९५० पासून सुरू झाला. मिस्सासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाकरिता मात्र कायद्यात परवानगीची सोय ठेवलेली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात कायद्याचा बहुतेक भाग ग्राह्य धरला. तथापि बंदीने हातभट्टी फोफावली, हप्ते वाढले, आणि साठच्या दशकापासून परवाने सैल होत गेले. १९७३ मध्ये देशी दारूसाठी स्वतंत्र नियम झाले. कायद्याच्या नावात मात्र ‘दारूबंदी’ हा शब्द आजही आहे, आणि कागदोपत्री पिणाऱ्याने परवाना बाळगावा लागतो.

ज्या वर्षांत बंदी आली, त्याच वर्षांत कृष्णाकाठचे रूप पालटत होते. वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कराडजवळ रेठरे बुद्रुकचा कृष्णा, इस्लामपूरजवळ साखराळ्याचा कारखाना, असे एकामागून एक धुराडे वर गेले. सहकाराने या भागाला शाळा, रस्ते, दवाखाने दिले, हे ऋण कोणी नाकारू नये. पण साखर म्हटली की मळी आलीच. एक टन ऊस गाळला की साधारण चाळीस किलो मळी उरते, आणि तेवढ्या मळीतून नऊ-दहा लिटर मद्यार्क निघतो. त्यात पाणी घालून बाजारात मिळणाऱ्या मद्याइतका सौम्य केला, तर पाऊण लिटरच्या पंचवीस-तीस बाटल्या भरतात. म्हणून अनेक साखर कारखान्यांच्या आवारात मद्यार्काचा कारखानाही उभा राहिला. अलीकडे या मळीचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलकडे वळला आहे. २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. पण बाटलीकडे जाणारी वाट काही बुजलेली नाही.

आणि येथेच मांडवातल्या वादाची गंमत आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे विकले जाते, त्यातील फार मोठा भाग मळीच्या शुद्ध मद्यार्कात थोडा धान्याचा अर्क, रंग आणि वास मिसळून केलेला असतो. युरोपच्या नियमांप्रमाणे व्हिस्की धान्याचीच हवी आणि ती लाकडी पिंपात निदान तीन वर्षे मुरलेली हवी; त्या कसोटीवर आपली ही व्हिस्की रमची चुलत बहीण ठरते. नाव पैष्टीचे, देह गौडीचा! सरकारी भाषेत या साऱ्याला ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ म्हणतात. त्या नावातच सारा गोंधळ आहे. बाटलीवरचा ४२.८ टक्के हा आकडाही विलायती वारसाच होय. जुन्या इंग्रजी जकातीच्या मोजमापातील ७५ अंश म्हणजे आजचे ४२.८ टक्के. साहेब गेला, पण त्याची मोजपट्टी लेबलावर राहिली.

सारेच तसे आहे असे मात्र नाही. बंगळूरच्या ‘अमृत’ने २००४ साली निव्वळ जवाची, पिंपात मुरवलेली व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, पुढे गोव्यातूनही तशी व्हिस्की निघू लागली. मुरताना पिंपातून उडून जाणाऱ्या अंशाला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला सुमारे दोन टक्के असतो, बंगळूरच्या हवेत दहा टक्क्यांच्या वर जातो. आपले देवदूत अधिक तहानलेले, असे म्हणून एखादा विनोद करील. आमच्या तरुण मित्राची क्राफ्ट बिअरही खरी पैष्टी. महाराष्ट्रातील अशी पहिली छोटी भट्टी ‘डूलाली’ने २००९ मध्ये पुण्यातच सुरू केली. आणि शासनाच्या २००१ च्या द्राक्षमद्य धोरणानंतर सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क झाले. ज्या कुंडलने गुत्ते बंद पाडले, ते कुंडल आज याच पलूस तालुक्यात आहे. इतिहास असा वळणे घेतो.

म्हणजे सुभेदारांची रम आणि मामांची व्हिस्की बहुधा एकाच फडातून निघालेली होती. तो फड तोडला कोणी? दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, सोलापूर या भागांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून कुटुंबे कृष्णाकाठी येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी, जिला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, पहाटेच्या थंडीत फडात उतरते. मुले पाचटाच्या कोपीत राहतात आणि त्यांची शाळा बुडते. त्यांच्यात आपल्या धर्मग्रामांतील भाविकही असतात. त्यांतल्या एखाद्याच्या दिवसाच्या कमाईचा तुकडा संध्याकाळी देशीच्या दुकानात जातो, तेव्हा त्यानेच तोडलेल्या उसाची मळी त्याला विकत दिली जाते. वेस्ट इंडीजमधील समुद्र येथे नाही. येथे पेला आणि शेत यांच्यात फक्त एक रस्ता आहे.

तो रस्ता ओलांडून प्रश्न विचारला तो मुख्यतः स्त्रियांनी. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ या चिन्हावर शिक्का मारला तर दारूचे दुकान बंद होते, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील स्त्रियांनी या मताच्या जोरावर परवान्याची दुकाने बंद पाडून दाखवली. त्यांनी कोणत्याही मद्याची चव तोलली नव्हती. त्याची किंमत मात्र त्यांना नेमकी ठाऊक होती.

आम्ही येथे मद्याचा सरसकट धिक्कार करीत नाही. तसे करणे आपल्या परंपरेला धरून होणार नाही. संत पौलाने तीमथीला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला होता आणि प्रभूच्या पहिल्या चिन्हातही द्राक्षारसच आहे. परंतु त्या काना गावच्या लग्नाचा वृत्तांत पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचावा. तेथेही एक तुलना करणारा होता, तो मेजवानीचा कारभारी. त्याने चव घेतली आणि आधीच्या द्राक्षारसापेक्षा हा उत्तम असा निर्वाळाही दिला. त्याचा निर्वाळा खराच होता. पण योहान तेथे एक छोटी गोष्ट नोंदवतो: हा रस कोठून आला हे कारभाऱ्याला ठाऊक नव्हते, पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होते.

ख्रिस्तसभेचा नियमही याच दिशेने बोट दाखवतो. मिस्साचा द्राक्षारस चवीला कसा असावा, याची चौकशी धर्मशास्त्र करीत नाही. तो द्राक्षाचाच आहे ना, निर्भेळ आहे ना, नासलेला तर नाही ना, एवढेच ते विचारते. वेदीवरच्या पेल्याला जो प्रश्न आपण विचारतो, तो मांडवातल्या पेल्याला विचारण्यास संकोच का वाटावा?

तेव्हा सुभेदार, आपल्या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच. तिन्हींत श्रेष्ठ कोण हे जिभेला विचारावे, आम्ही त्यात पडत नाही. परंतु पुढच्या लग्नात वाद रंगेल तेव्हा चवीबरोबर उगमाचीही चौकशी व्हावी: हा ऊस कोणी तोडला, या पेल्याचे पैसे कोणाच्या घरातून आले, आणि तो रिकामा झाल्यावर घरी कोण वाट पाहत आहे? या प्रश्नांची उत्तरे देता येत असतील तर तो पेला निश्चिंतपणे उचलावा. येत नसतील तर तो खाली ठेवण्यात काही उणेपणा नाही.