गाडी खोलली आणि सिनॉप्सिस बदलला

संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "विषय मिळाला, पण साधनं कुठून आणायची?" माझंही तेच झालं होतं. आज मी तुम्हाला पुराभिलेखागारात नेणार नाही. शाहूपुरीतल्या आमच्या बोळात नेणार आहे. तिथे गेले आठ महिने धाकट्या काकांची प्रीमियर पद्मिनी विटांवर उभी होती.

काकांनी ती अठ्ठावीस हजारांना घेतली. आजी म्हणाली, एवढ्यात चांगली सायकल आली असती. गाडीची नोंदणी १९८६ ची. हेडमधून पाणी गळत होतं, खालचा पत्रा गंजला होता, स्टिअरिंग हलवलं तर पुढचं चाक थोडा विचार करून वळायचं. आरसीची मुदत संपत आलेली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आत गाडी उभी राहिली नाही, तर ती भंगारात जाणार.

त्याच सुमारास माझा सिनॉप्सिस गाईड मॅडमनी परत पाठवला होता. माझा विषय दक्षिण महाराष्ट्रातली यंत्रदुरुस्ती. पहिल्याच पानावर मी ठोकून लिहिलं होतं : "परदेशी भागांच्या टंचाईमुळे आणि गरिबीमुळे कोल्हापुरात जुगाडाची संस्कृती रुजली." मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला होता : "कशावरून?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग संध्याकाळी काकांच्या हाताखाली पाने द्यायला बसायला लागले.

दरवाजा सांगतो ते आरसी सांगत नाही

पहिलं काम पत्र्याचं. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज काढताना रंगाचे थर उघडे पडले. वर पांढरा, त्याखाली मरून, त्याखाली फिकट निळा. आरसीवर रंग निळाच लिहिलेला. इथवर सगळं जुळलं. पण चालकाच्या बाजूचा दरवाजा घासला, तर पांढऱ्याखाली थेट काळा लागला. मरून नाही, निळा नाही.

काका म्हणाले, "दरवाजा दुसऱ्या गाडीचा आहे."

इतिहासाच्या पेपरात आपण साधनाची बाह्य टीका आणि अंतर्गत टीका पाठ करतो. पोथीतलं एखादं पान दुसऱ्या प्रतीतलं असू शकतं, म्हणून कागद, शाई, अक्षर तपासा, असं शिकतो. हा दरवाजा तेच पान होता. त्यावरून क्रमही लागतो. मरून थर दरवाज्यावर नाही, पांढरा आहे. म्हणजे दरवाजा मरून रंगानंतर आणि पांढऱ्या रंगाच्या आधी बसला. वर्ष कळलं नाही, पण आधी काय आणि नंतर काय हे कळलं. याला सापेक्ष कालक्रम म्हणतात. उत्खननातले थर वाचणारे हेच करतात.

मग हेड उतरवलं. पॅकिंग जळलेलं होतंच. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडला, तर खाली जादा मापाचा आकडा निघाला. म्हणजे हे १०८९ सीसीचं इंजिन एकदा तरी रिबोअर झालंय : सिलिंडर झिजल्यावर आतून मोठा करून त्यात मोठे पिस्टन बसवलेत. आरसीवर इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे. रिबोअरची नोंद नाही. सरकारी कागदाला गाडी कुणाची हे हवं असतं, ती कशी जगली हे नको असतं. कुठलंही साधन हातात घेतलं की आधी विचारा, हे कुणी आणि कशासाठी लिहिलं? मग त्यात काय नसणार, हे आपोआप कळतं.

बुश आणि माझी चूक

स्टिअरिंगचं काम मात्र आम्ही घरी केलं नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग घरी शिकायच्या गोष्टी नव्हेत. उद्यमनगरात पूर्वी गॅरेज चालवणारे एक वयस्कर मिस्त्री काकांच्या ओळखीचे. ते बोळात आले, चाक काढलं आणि किंगपिनचा झिजलेला बुश माझ्या हातावर ठेवला. गनमेटलचा, लेथवर कातलेला. कंपनीचा नव्हे.

मी आनंदाने म्हटलं, "म्हणजे मामा, हे जुगाड!"

ते चिडले नाहीत, पण कामही थांबवलं. "जुगाड म्हनू नकोस ताई. जुगाड म्हंजे आजचं भागलं. ह्यो बुश मापात केलाय. पिन मोजून, रीमर मारून बसवलाय. किती वर्सं चाललाय बघ की."

बुश का केला असेल, असं विचारल्यावर म्हणाले, "त्या काळात माल कुठं मिळायचा?"

बघा, इथे मला माझं वाक्य आयतं मिळालं होतं. टंचाई! मुलाखतीचा दाखला देऊन सिनॉप्सिस पुन्हा पाठवायचा, एवढंच बाकी होतं. टंचाईचा इतिहासही खरा आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच सरकारने मोटारधंद्यात ठेवलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने इथली जुळणी बंद केली. उरलेल्या मोजक्या कंपन्यांत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर होती. गाड्या कमी, प्रतीक्षायादी लांब. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आलं. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये निकाल लागला. 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' हा निकाल जरूर वाचा. मोटारीचा कारखाना, खर्च आणि नफा यांबद्दल तो आर्थिक इतिहासाचं चांगलं साधन आहे.

पण रात्री टिपणं लिहिताना तारखा खटकल्या. आमची गाडी १९८६ ची. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली. पद्मिनी या नावाने १९७४ पासून विकली जाणारी गाडी कुर्ल्यात नव्या शतकाच्या तोंडापर्यंत तयार होत होती. म्हणजे हा बुश कातला गेला तेव्हा, तो उत्पादन चालू असतानाच्या काळातला असेल तर, कंपनीचा भाग दुकानात मिळू शकत होता. मग मामांचा "तो काळ" कुठला? ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी धंदा शिकला तो काळ त्यांना आठवत होता आणि नंतरची सगळी कामं त्या आठवणीत बसली होती. मौखिक इतिहासात असं नेहमी होतं. माणूस सांगतो ते खरं असतं, फक्त ते ज्या वर्षाबद्दल आहे असं आपल्याला वाटतं, त्या वर्षाबद्दल ते असेलच असं नाही.

बोळाबाहेरचं उत्तर

मग मिळत असूनही बुश कातून का घ्यायचा? तीन शक्यता मी कागदावर मांडल्या. एक, स्वस्त पडतो. दोन, जास्त टिकतो. तीन, कातून देणारा शेजारीच बसलाय. तिसरी शक्यता सगळ्यात साधी होती आणि तिथेच माझा विषय वळला.

शाहूपुरी ही छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली व्यापारपेठ. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली होती आणि स्टेशनजवळ बाजार हवा होता. पेठ वाढली ती गुळावर. आता गूळ आणि मोटारीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. गुळाला ऊस लागतो, उसाला पाणी, पाण्याला पंप, पंपाला आणि गुऱ्हाळाच्या चरकाला पुढे ऑइल इंजिन. हंगामात इंजिन बंद पडलं तर शेतकरी थांबू शकत नाही. त्याला आज लाइनर हवा, आज बुश हवा. ही गरज भागवायला कोल्हापुरात लेथ आले, ओतकाम आलं, माप घेणारे हात तयार झाले. आज शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे जो फौंड्री उद्योग दिसतो, त्याच्या मुळाशी हे दुरुस्तीचं काम आहे. मोटार त्या लेथपुढे उशिरा आली. ती आली तेव्हा हात आधीच तयार होते.

माझं मूळ वाक्य आता वाचा. "टंचाईमुळे आणि गरिबीमुळे." त्यात टंचाई संपल्यावर दुरुस्ती का टिकली याचं उत्तर नाही. मोटार ज्यांच्याकडे होती ती माणसं गरीब नव्हती, हेही मला तोवर सुचलं नव्हतं! आणि 'जुगाड' म्हटल्यावर मापाचं कौशल्य अदृश्यच होतं. एका वाक्यात तीन चुका.

अशी वाक्यं आपल्या हातून का लिहिली जातात? कारण यंत्रांचा इतिहास आपण 'पहिल्या'चा इतिहास म्हणून शिकतो. कोल्हापूरचंच बघा. १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी इथे चित्रपटाचा कॅमेरा बनवला, हे आपल्याला माहीत असतं आणि असायलाच हवं. पण नंतर कोल्हापुरात आलेली असंख्य यंत्रं कुणी चालती ठेवली, हे कुठल्याच पुस्तकात येत नाही. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) मध्ये हाच मुद्दा मांडलाय : तंत्रज्ञानाचा इतिहास शोधापेक्षा वापरावरून लिहा, मग देखभाल आणि दुरुस्ती मध्यभागी येते. डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) भारतातल्या शिलाई मशीन, सायकल, टाइपरायटर आणि भातगिरणीबद्दल तसंच करतं. ही दोन पुस्तकं सिनॉप्सिसआधी वाचा, नंतर नको. मी नंतर वाचली.

रद्दीत गेलेलं साधन

आता जे सांगायचंय ते थोडं टोचणारं आहे. बुश कोणत्या वर्षी कातले जात होते, हे ठरवायला मामांच्या कामाच्या वह्या लागणार होत्या. तारीख, गाडी, काम, मजुरी असं रोजचं लिहिलेलं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्हत्या की. दुकान सोडताना रद्दीत घातल्या." गॅरेज बंद करून त्यांना दोन वर्षं झाली होती. माझी पीएच.डी.ची नोंदणी त्याच्या आधीची. ते गॅरेज माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं आणि त्या काळात मी साधनं शोधायला पुण्या-मुंबईला चार वेळा जाऊन आले होते.

एक वही उरली, कारण तिच्या मागच्या पानांवर नातवाने चित्रं काढली होती. ती १९९७ ची. तिच्यात किंगपिन बुश कातल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे पद्मिनी बाजारात नवी मिळत होती त्या वर्षातल्या. आणखी एक गोष्ट दिसली. मोटारींच्या नोंदींच्या मध्ये इंजिनांची, पंपांची कामं आहेत. तोच लेथ, तोच हात. एका वहीवरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही, पण प्रश्न नीट मांडता येतो. माझा प्रश्न आधी होता, "लोक जुन्या गाड्या का दुरुस्त करत?" आता आहे, "दुरुस्तीची क्षमता कशासाठी उभी राहिली आणि ती मोटारीकडे कशी वळली?" सिनॉप्सिस या प्रश्नासह पुन्हा गेला आणि मंजूर झाला. वहीत गिऱ्हाइकांची नावं आहेत, म्हणून मामांची लेखी परवानगी घेतली, वहीचे फोटो काढून वही त्यांना परत दिली आणि प्रबंधात नावं येणार नाहीत असं ठरवलं. हेही कामाचाच भाग आहे, विसरू नका.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी बंद झाली. एक युग संपलं, असं पेपरांत आलं. टॅक्सीपुरतं ते खरं. पण आमच्या बोळात त्याच गाडीसाठी काल नवे बुश कातून आले, मामांच्या एका शिष्याच्या लेथवरून. युग संपल्याची बातमी वाचली की एकदा विचारा, कुणासाठी?

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या आत असं एक दुकान शोधा, जिथे काहीतरी दुरुस्त होतं : मोटार रिवाइंडिंग, घड्याळं, शिलाई मशीन, काहीही. आत जा आणि फक्त एवढं विचारा, "तुमच्याकडे कामाच्या जुन्या वह्या आहेत का?" विषय नंतर ठरवा. वह्या थांबत नाहीत.

आणि हो, गाडी. हेड प्लेन करून आणलं, पॅकिंग बदललं, बुश बसले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. तपासणीत पास झाली. काळा दरवाजाही आता बाकीच्या गाडीसारखाच पांढरा आहे. फक्त त्याच्या आतल्या कडेला, बिजागरीजवळ, बोटभर जागा मी काकांना रंगवू दिली नाही.