दाब धरणारे इंजिन

यंत्रे मोठी होत गेल्याचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. तीच यंत्रे लहान करताना माणसाला काय शिकावे लागले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रतिकृती-विमाने उडविणाऱ्या चिमुकल्या डिझेल इंजिनाची हकीकत या दुसऱ्या प्रकारात मोडते.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली आउग्सबुर्ग येथे आपले पहिले इंजिन तपासले, तेव्हा पिस्टनच्या कडेने हवा निसटून अपेक्षित दाब साधेना. १८९७ साली सुधारलेल्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर करून दाखविले. तत्त्व अचूक असून भागले नव्हते. दाब धरून ठेवणारा जोडही हवा होता.

हाच धडा अर्धशतकानंतर मुठीत मावणाऱ्या यंत्रापुढे आला. १९४० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये ‘डायनो’ आणि १९४६ साली इंग्लंडमध्ये ‘मिल्स १.३’ ही इंजिने निघाली. दुसऱ्याची क्षमता अवघी १.३ घनसेंटिमीटर! ईथर, रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण केवळ दाबाच्या उष्णतेने पेट घेई. अशा इंजिनांच्या पिस्टनला बहुधा रिंगा नसत. बारीक चूर्णाने घासून पिस्टन व सिलिंडर एकमेकांच्या मापास आणलेले असत. मधला तेलाचा पापुद्रा हाच त्यांचा बंदोबस्त.

माथ्यावरील स्क्रू आवळला की वरचा उलटा पिस्टन खाली सरके व जागा आकुंचित होई. येथेच पुष्कळांची गफलत झाली. कॉम्प्रेशन या एका शब्दात दोन गोष्टी आहेत: मिश्रण किती दाबावे, हे स्क्रू ठरवितो, दाबलेले किती टिकावे, हे जोड ठरवितो. झिजलेले इंजिन सुरू होईना म्हणून स्क्रू आवळीत गेल्यास आत साचलेल्या इंधनाने कनेक्टिंग रॉड वाकतो, गळती मात्र तशीच राहते.

म्हणून आधी परीक्षा. पंखा हाताने सावकाश फिरवावा. वरच्या टोकाशी स्प्रिंगसारखा प्रतिकार जाणवावा आणि तो लगेच मावळू नये. धूर बाहेर पडण्याच्या खिडकीतून तेलाचे दोन थेंब सोडल्यावर जोर परतला, तर पिस्टन-सिलिंडरची झीज समजावी. न परतल्यास माथ्याचा जोड पाहावा. जुन्या इंजिनात वाळलेले एरंडेल राळेसारखे चिकटून फट बुजविते आणि खोटे आश्वासन देते. ते बेताच्या उष्णतेने मऊ करावे, पक्कड लावू नये. यंत्र स्वच्छ झाल्यावरच खरा निकाल कळतो.

दुरुस्तीचा मार्गही तितकाच सबुरीचा आहे. नुसते घासल्याने झीज भरून येत नाही, उलट फट वाढते. सिलिंडर सरळ करून त्याच्या नव्या मापाचा पिस्टन घडवावा लागतो.

१९४७ साली अमेरिकेत रे आर्डन यांचा ग्लो प्लग आला आणि बऱ्याच हौशी मंडळींनी डिझेलचा नाद सोडला. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर असे इंजिन पडलेले असेल, तर स्क्रूला हात घालण्यापूर्वी पंखा एकदा फिरवून पाहावा. कारागिराने बसविलेला मूळ जोड उतावीळपणाने एकदा घासला गेला, की तो पुन्हा मिळत नाही.