कपातीची कुळकथा

उसाचं बिल हातात पडलं की शेतकरी आधी टनेज बघतो आणि मग एकदम तळाची रक्कम. मधल्या ओळी वाचायला फारसं कुणी थांबत नाही. विकास सोसायटीचं पीककर्ज, शेअर, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, पाणीपट्टी, मुख्यमंत्री निधी, कारखान्याच्या शिक्षणसंस्थेला मदत... कारखान्यागणिक आणि सालागणिक ही यादी बदलते. तिचं नाव मात्र सगळीकडे एकच: कपात. पश्चिम महाराष्ट्रातला साखर सहकार सरकारी पैशावर उभा राहिला असं शहरात मानलं जातं. सरकारचं भागभांडवल होतंच. पण त्याच्या जोडीला टनामागे काही रुपये वर्षानुवर्षं वजा होत राहिले, त्याची आठवण कुणी फारशी काढत नाही.

पैसा कुणब्याच्या हाती पडण्याआधीच आपलं येणं काढून घ्यायचं, ही युक्ती मुळात सावकाराची. खळ्यावर रास पडली की सावकाराचा माणूस हजर. माप त्याचं, भाव त्याचा, वहीही त्याचीच. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला लोक उठले आणि पुणे-नगर भागात कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्यामागचा राग व्याजाइतकाच या वहीवर होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. रोख्यावर काय लिहिलंय एवढंच न पाहता मूळ व्यवहार उकरून काढायची मुभा कोर्टाला मिळाली. सावकाराने हात आखडता घेतला. मग शेतकऱ्याला कर्ज द्यायचं कुणी, आणि त्याहून अवघड म्हणजे वसूल करायचं कसं?

न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना मांडली. बँकेचं येणं सरकारी महसूल यंत्रणेने वसूल करून द्यावं, हा तिचा कणा होता. लंडनहून नकार आला आणि बँक कागदावरच राहिली. वसुलीची खात्री नसेल तर शेतीत पैसा घालायला कुणी धजत नाही, हे मात्र त्या योजनेने तेव्हाच ओळखलं होतं.

पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली आला. त्याचा नमुना जर्मनीतल्या रायफायझनचा: गाव लहान, सभासद एकमेकांच्या ओळखीचे, जबाबदारी अमर्यादित आणि नफा राखीव निधीत. वसुलीची मदार शेजाऱ्याच्या जामिनावर आणि चारचौघांतल्या लाजेवर. ऱ्हाइनकाठी हे चाललं. आपल्याकडे दुष्काळ पडला की कर्जदार आणि जामीनदार दोघंही एकाच पावसात बुडायचे. अशा जामिनाला किती अर्थ उरणार! अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा गोरवाला समितीचा अहवाल १९५४ साली बाहेर आला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा तेव्हा अवघा ३.१ टक्के निघाला. पन्नास वर्षांच्या चळवळीची ही कमाई.

या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. कपातीचं आजचं रूप समजून घ्यायचं तर हा माणूस दोन ठिकाणी पाहावा लागतो. दिल्ली-मुंबईच्या बैठकांत ते सांगत होते की कर्जाला जमिनीचं तारण पुरे, आता पीक पाहा. पिकाच्या गरजेइतकं कर्ज द्या, आणि तेच पीक सहकारी संस्थेमार्फत विकलं जाईल तेव्हा विक्रीच्या पैशातून ते वळतं करून घ्या. दुसरीकडे लोणीला ते प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली लोणीत पतपेढी काढली होती. त्यांच्याच पुढाकारातून हा कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या डिसेंबरअखेर त्याचं गाळप सुरू झालं. अहवालात जे तत्त्व म्हणून छापलं गेलं, त्याचं यंत्र प्रवरेच्या काठी आधीच फिरू लागलं होतं.

हे यंत्र उसालाच का लागू पडलं? ज्वारी कणगीत राहते, अडचणीला पायलीभर विकता येते, पाहुण्याच्या नावावर बाजारात जाते. उसाला ती सोय नाही. तोडला की वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात, म्हणून त्याने तातडीने गव्हाणीत पडायलाच हवं. सगळा माल एका फाटकातून, एका काट्यावरून जातो आणि तिथे प्रत्येक खेपेची पावती फाटते. गटसचिवाने येणेबाकीची यादी कारखान्याला धाडली की सोसायटीची वसुली आपोआप होते. तिथून पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेत आणि पुढे राज्य बँकेत. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात पुढे ४८-अ कलम घालून या वळतीला कायद्याचा आधारही दिला गेला. कापसाच्या एकाधिकार खरेदीत १९७२ पासून हाच प्रयोग झाला. पण कापूस रातोरात सीमेपलीकडे जाऊ शकतो आणि तो गेलाही.

वसुलीसाठी आलेली कपात मग भांडवल उभं करू लागली, आणि इथे ती सावकारापासून खरी वेगळी झाली. कारखान्याला यंत्रसामग्रीसाठी औद्योगिक वित्त महामंडळाचं दीर्घ मुदतीचं कर्ज मिळे. ते फेडायला आणि गाळप वाढवायला सभासदांचाही पैसा लागे. कोरडवाहू खेड्यात शेअर विकत घ्यायला रोकड कुणाकडे होती? म्हणून टनामागे ठेव कापायची. काही ठेवी मुदतीने परत, काही बिनपरतीच्या, म्हणजे कर्ज फिटल्यावर शेअरमध्ये जमा व्हायच्या. न परतणारी ठेव ही चीज हिशेबनिसालाही बुचकळ्यात टाकणारी. प्राप्तिकर खात्याने ती कारखान्याचं उत्पन्न धरली. सोलापूरच्या सिद्धेश्वर कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ साली न्यायालयाने सांगितलं की हे उत्पन्न नव्हे. म्हणजे पैसा सभासदाचाच. फक्त त्याला तो हवा तेव्हा मागता येत नाही.

शाळा, दवाखाने, तंत्रनिकेतनं आणि उपसा सिंचन योजना या वजाबाकीतून झाल्या, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण या यंत्रात एक खोट पहिल्यापासून होती. सावकाराची वही कुणब्याला वाचता येत नव्हती. कारखान्याची वही त्याला वाचता येते, पण तो वाचत नाही. कारण जो पैसा कधी हातात आलाच नाही तो गेल्याचं दुःखही होत नाही. ठराव वार्षिक सभेत मंजूर होतात. 'मंजूर, मंजूर'च्या गजरात कुठल्या निधीला टनामागे किती, हे ऐकू येत नाही. संचालक मंडळाला सभासदांकडे हात पसरावा लागत नाही, म्हणून उत्तरही द्यावं लागत नाही. माझ्या मते सहकारातला भ्रष्टाचार पुढाऱ्यांच्या स्वभावापेक्षा या सोयीतून जास्त वाढला.

शेतकऱ्यांनीही वाटा शोधल्या. ऊस मुलाच्या नावावर लावला, शेजारच्या खाजगी कारखान्याला घातला आणि सोसायटीची बाकी तशीच ठेवली. मग कर्जमाफी. दुसरीकडे अनेक सहकारी कारखाने कर्जापायी विक्रीला निघाले. अशा विक्रीत आधी हक्क तारण असलेल्या बँकेचा. भागधारक रांगेत सर्वांत शेवटी. ज्यांच्या बिनपरतीच्या ठेवी शेअर होऊन बसल्या होत्या, त्यांची ठेव खरोखरच बिनपरतीची झाली.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. ज्यांचा ऊस सहकारी कारखान्याला जातो त्यांनी या वर्षी अहवालातलं ठेवींचं पान उघडून आपली जुनी बिलं शेजारी ठेवावीत. आकडे जुळत नसतील तर सभेची वाट पाहायचीही गरज नाही. सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि संस्थेच्या दप्तरातले आपल्या व्यवहाराचे उतारे कार्यालयात जाऊन फुकट पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.