हेलिकल कटर हेड

हेलिकल कटर हेड : लाकूड रंधण्याच्या यंत्रातला (प्लेनर, थिकनेसर) फिरता कर्तनदंड. लांब सरळ पात्यांऐवजी यात कार्बाइडचे चौकोनी तुकडे मळसूत्री ओळींत स्क्रूने बसवलेले असतात. तुकड्याची बाजू साधारण १४-१५ मिमी असते आणि चारही कडांना धार असते.

जुन्या पद्धतीच्या दंडावर दोन ते चार सरळ पाती असतात. प्रत्येक पाते फळीच्या पूर्ण रुंदीवर एकदम आदळते. तीन पात्यांचा दंड मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे २५० आघात होतात. रंधा मशीनचा गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा कर्कश आवाज मुख्यतः यातला. हेलिकल दंडात एका वेळी मोजकेच तुकडे लाकडाला भिडतात आणि एक सुटायच्या आत दुसरा लागतो. त्यामुळे आवाज आणि थरथर दोन्ही उतरतात. तरी कानाला संरक्षण हवेच. मोटर आणि भुसा ओढणारा पंखा गप्प बसत नाहीत.

खरा फायदा दिसतो तो गाठीच्या आणि उलटसुलट रेषांच्या लाकडात. गाठीभोवती रेषा वळते तिथे सरळ पाते तंतू कापण्याऐवजी उचकटते आणि टवका उडून खड्डा पडतो. हेलिकल तुकड्याची धार फळीच्या चालीला तिरपी असते, त्यामुळे तंतू उपसण्याऐवजी छाटला जातो. ढलप्याही बारीक पडतात आणि नळीत अडकत नाहीत.

सागात सिलिका असते. ती साध्या पोलादी पात्याची धार लवकर मारते. कार्बाइड तिच्यापुढे कितीतरी जास्त टिकते. जुन्या वाड्याच्या तुळईत राहून गेलेला खिळा लागला, तर सरळ पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर तिची उभी रेघ उमटते. इथे तेवढाच तुकडा सैल करून नव्वद अंशांत फिरवायचा. कार्बाइड ठिसूळ असल्याने खिळ्याने त्याचाही कोपरा उडतो, पण नुकसान एका तुकड्यापुरते राहते. फिरवताना बैठकीत भुशाचा कण राहिला तर तुकडा वर उचलला जातो आणि फळीवर ओरखडा दिसतो. स्क्रू ठरलेल्या ताणानेच आवळावा. जास्त आवळल्यास तुकडा तडकतो.

उणिवाही आहेत. किंमत बरीच जास्त. रुंद फळीवर खोल काप घेताना कमी ताकदीची मोटर दमते. पृष्ठावर तुकड्यांच्या अगदी पुसट पन्हळी राहतात, त्या पॉलिशपूर्वी घासून काढाव्या लागतात. सरळ रेषेच्या स्वच्छ लाकडावर नुकतीच धार लावलेली सरळ पातीही तोडीस तोड, कधी सरस, काम देतात.

बाजारात ‘स्पायरल’ आणि ‘हेलिकल’ ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. ओळी मळसूत्री असल्या, पण प्रत्येक तुकड्याची धार दंडाच्या अक्षाला समांतर असली, तर आवाज कमी होतो. तिरप्या छाटणीचा लाभ मिळत नाही. घेण्यापूर्वी तुकडा तिरपा बसवला आहे का, हे पाहून घ्यावे.