घरातल्या तीन पिढ्या राजकारणावरून का भांडतात?

निवडणूक जाहीर झाली की अनेक मराठी घरांत वाद सुरू होतो. आजोबांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज नातू खोटा ठरवतो, आई ‘विषय बंद करा’ म्हणते आणि कोणीतरी ग्रुप सोडतं. भांडण पक्षावरून दिसतं, पण त्यामागे बरेचदा प्रत्येकाच्या वेगवेगळ्या आठवणी असतात.

पहिलं मत कोणत्या साली?

समाजशास्त्रज्ञ कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ मध्ये पिढ्यांवर निबंध लिहिला. तरुणपणी पाहिलेल्या घटनांमधून माणसाची जगाकडे बघण्याची चौकट तयार होते, असं त्यात मांडलं आहे.

एक उदाहरण घेऊ. आजोबा १९४५ चे. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, म्हणून त्यांचं पहिलं सार्वत्रिक मतदान १९६७ चं. महाराष्ट्र राज्य होऊन सात वर्षंही झाली नव्हती. पुढे ऐन तिशीत त्यांनी आणीबाणी पाहिली. आई १९७० ची. १९८९ मध्ये वय १८ वर आलं आणि त्याच वर्षी तिने मत दिलं. पाठोपाठ मंडल आयोग, आर्थिक उदारीकरण आणि बाबरी मशीद पाडली जाणं हे सगळं घडलं. नातू २००४ चा. त्याने २०२४ मध्ये मत दिलं, तेही रील्स बघत.

चिन्हांचा गोंधळ

आजोबांच्या काळात काँग्रेस म्हणजे बैलजोडी. १९६९ च्या फुटीनंतर इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळालं आणि १९७८ च्या फुटीनंतर हात आला.

आता तसंच पुन्हा झालं आहे. निवडणूक आयोगाने २०२३ मध्ये धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला आणि २०२४ मध्ये घड्याळ अजित पवार गटाला दिलं. २०२४ ची लोकसभा उद्धव ठाकरे गटाने मशालीवर लढवली, तर शरद पवार गटाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर. त्यामुळे ‘आपण पहिल्यापासून शिवसेनेचे’ या एकाच वाक्याचे घरात दोन अर्थ निघू शकतात.

मत कोणाला दिलं, हे सांगावंच लागतं का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ नुसार, कोणाला मत दिलं हे सांगायला कोणावरही सक्ती करता येत नाही. अंध किंवा अशक्त मतदारासोबत केंद्रात जाणाऱ्या सोबत्यालाही मत गुप्त ठेवण्याचं लेखी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्हणजे आजीचं बटण दाबून आलेल्या नातवाने ते घरी सांगायचं नसतं.

‘आमच्या घरातली पाचही मतं तुम्हालाच’ असं कार्यकर्त्याला परस्पर सांगितलं जातं, तेव्हा सुनेचं आणि पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलीचं मत गृहीत धरलेलं असतं. गुप्त मतदान अशा वेळी त्यांच्या कामी येतं.

मग बोलायचं कसं?

- ‘तुम्ही चुकताय’ म्हणण्याआधी ‘तुम्ही पहिलं मत दिलं तेव्हा काय चाललं होतं?’ असं विचारा.
- खोटा मेसेज ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडण्यापेक्षा पाठवणाऱ्याला एकट्याला फोन करा.
- माहिती आणि मत वेगळं ठेवा. घटना कोणत्या वर्षी घडली, हे तपासता येतं. ती बरी की वाईट, यावर मतभेद राहू शकतात.
- कोणी गप्प राहिलं तर त्याच्याकडून उत्तर काढू नका.

आजोबांना आणीबाणी आठवते, नातवाला पक्षफूट. दोघांनी एकमेकांना आपापली गोष्ट सांगितली तर मतं बदलतीलच असं नाही. पण समोरचा असं का म्हणतो, हे कळतं.