वाडन समुद्रातली भूतदया

नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून वाडन समुद्राचा उथळ पट्टा पसरला आहे. ओहोटीला तिथले वाळूचे पट्टे कोसच्या कोस उघडे पडतात आणि जून-जुलैत सीलच्या माद्या त्यांवर वितात. पिल्लू जन्मतः दहाएक किलोचे असते. पहिल्याच भरतीला ते आईमागे पोहू लागते आणि चारेक आठवड्यांच्या स्निग्ध दुधावर दुपटीहून अधिक वाढते. या काळात वादळाने, आजाराने किंवा माणसांच्या वर्दळीने आईची ताटातूट झाली, तर ते तान्ह्या मुलासारखे रडू लागते. या रडण्याला तिन्ही देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली. नेदरलँड्समध्ये पिल्लू उचलून शुश्रूषा केंद्रात नेण्याची रीत रुजली. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात खास प्रशिक्षण घेतलेला शिकारी बोलावतात. पिल्लाला तिथेच राहू द्यायचे, फ्रीडरिक्सकोगच्या केंद्रात पाठवायचे की गोळी घालून सोडवायचे, हे तो ठरवतो. डेन्मार्कमध्ये अशी शुश्रूषा होतच नाही. जगण्याजोगे पिल्लू निसर्गावर सोडतात आणि जे तडफडत असेल त्याला मारतात. यातली खरी भूतदया कोणती, हे पिल्लाच्या डोळ्यांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी त्या समुद्राचा गेल्या शतकाचा हिशेब मांडावा लागतो.

या किनाऱ्यावर सील आधी कोळ्यांचा वैरी होता. जाळ्यातले मासे पळवतो म्हणून त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. पुढे पिल्लांच्या मऊ कातड्याला फॅशनच्या बाजारात भाव आला. विसाव्या शतकाच्या आरंभी या समुद्रात सदतीस हजारांच्या आसपास सील असावेत, असा अंदाज आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते काही हजारांवर आले आणि डच हद्दीत तर जेमतेम पाचशे उरले. नेदरलँड्सने १९६२ मध्ये शिकार थांबवली, बाकीच्यांनी १९७० च्या दशकात. पण शिकार थांबूनही डच सील वाढेनात. कारण ऱ्हाइन नदीतून येणारी पीसीबी ही औद्योगिक रसायने माशांत आणि माशांतून सीलच्या चरबीत साठत होती. पीटर रेइन्डर्स या डच शास्त्रज्ञाने बारा-बारा माद्यांचे दोन गट करून एकाला वाडन समुद्रातले मासे दिले, दुसऱ्याला अटलांटिकमधले. वाडनचे मासे खाणाऱ्या गटात गर्भ राहण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरले. हा निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शुश्रूषेची रीत याच काळातली आहे. टेसेल बेटावर १९५० च्या दशकात तिची सुरुवात झाली आणि १९७१ पासून पीटरबुरेन गावात लेनी ट हार्ट यांनी तिला देशव्यापी चळवळीचे रूप दिले. काम कष्टाचे होते. पिल्लाला मांडीत घट्ट धरायचे, घशातून पोटापर्यंत नळी सरकवायची आणि पातळ खाद्य ओतायचे, असे दिवसातून कित्येकदा. मग हळूहळू अख्खा मासा गिळायला शिकवायचे आणि काही महिन्यांनी समुद्रात सोडायचे. त्या काळात या कष्टांमागे भक्कम नैतिक आधार होता. पिल्ले कमी जन्मत होती ती माणसाच्या विषामुळे, आणि पाचशेंच्या कळपात एकेक जीव मोलाचा होता. हे नुसते दयेचे काम नव्हते, भरपाईचे होते.

पुढे परिस्थिती पालटली, पण रीत तशीच राहिली. १९८८ मध्ये विषाणूच्या साथीने उत्तर युरोपात सुमारे अठरा हजार सील मेले. वाडनमधले निम्म्याहून अधिक गेले. २००२ मध्ये पुन्हा तशीच साथ आली. दोन्ही वेळा कळप काही वर्षांत सावरले आणि पुढे मोजणीत पंचवीस हजारांवर गेले. ज्या डेन्मार्कमध्ये एकाही पिल्लाची शुश्रूषा होत नव्हती, तिथलेही कळप सावरले. म्हणजे सील वाचले ते शिकारबंदीमुळे, पीसीबीवरच्या निर्बंधांमुळे आणि विश्रांतीच्या पट्ट्यांवर माणसांना मज्जाव केल्यामुळे. १९९४ मध्ये तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी पिल्ले उचलणे शक्य तितके कमी करायचे ठरवले, तरी डच केंद्रांत पुढेही वर्षाला शेकडो पिल्ले येत राहिली. माझे म्हणणे असे की भरपाई म्हणून सुरू झालेले काम नुकसान भरून निघाल्यावर आपोआप पुण्याचे राहत नाही. ते का चालू ठेवायचे, याचे उत्तर नव्याने द्यावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की पिल्लाला कळपाच्या आकड्यांशी काय देणेघेणे? त्याची भूक आजही तितकीच खरी आहे. हे मान्य. पण वेदना थांबवणे आणि जीव वाचवणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पहिले कर्तव्य डेन्मार्कची बंदूकही पार पाडते, कदाचित अधिक लवकर. उलट पकडणे, नळी, प्रतिजैविके आणि माणसांचा सहवास हाही त्या रानटी जिवाला त्रासच आहे. शिवाय घाईने उचललेल्या पिल्लाची आई जवळच्या पाण्यात असू शकते. तेव्हा त्याला पोरके करणारे आपणच ठरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज समुद्राचा कुठला कोपरा माणसाच्या हाताबाहेर राहिला आहे? मग नैसर्गिक मरण आणि माणसाने आणलेले मरण असा भेद करायचा कसा? तो नेहमी करता येत नाही, हे खरे. पण जाळ्याचा फास, बोटीच्या पंख्याची जखम, कुत्र्याचा चावा या गोष्टी दिसतात आणि तिथे आपले देणे उघड आहे. जिथे कारण दिसत नाही, तिथे निर्णय भावनेच्या पहिल्या उमाळ्यावर न सोडता सवडीने घेता येतो. २०२० च्या डच करारात नेमके हेच आले: एकट्या पिल्लावर आधी सर्वसाधारणपणे चोवीस तास लक्ष ठेवायचे आणि मग प्रशिक्षित माणसाने ठरवायचे.

कोकणालाही हा प्रश्न परका नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला किनाऱ्यावर अडकलेले देवमाशाचे पिल्लू जवळपास दोन दिवसांच्या खटपटीनंतर समुद्रात नेले गेले, पण ते वाचले नाही. दूध पिणारे पिल्लू आईवाचून खोल पाण्यात जगणे अवघडच. तिथे धडपडणाऱ्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण किनाऱ्यावर गर्दी जमल्यावर शांतपणे विचार होत नाही. कोणत्या अवस्थेत ओढायचे, कोणत्या अवस्थेत वेदनारहित मरण द्यायचे आणि हे कोणी सांगायचे, याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. वाडनच्या लोकांना तिथवर यायला पन्नास वर्षे लागली. ती पन्नास वर्षे आपण पहिल्यापासून मोजायची गरज नाही.